सोडायची पिंडी

सामंत सरांनी माझा अर्ज पहिल्यांदा वाचला तेव्हा चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "भागीरथीबाई, पूजेवर पीएचडी होते. पूजा करून पीएचडी होत नाही."

डॉ. गुरुदत्त सामंत हे माझे मार्गदर्शक. ठाण्याच्या संस्थेत ते कलेचा इतिहास शिकवत. रागीट नव्हते, पण नियमाबाहेर पाऊल टाकायची त्यांना भीती वाटे. मी डोंबिवलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. लग्न होऊन कल्याणला खाडीकाठच्या कोळ्यांच्या वस्तीत आले, तिथे राहून, नोकरी करत एम.ए. झाले. आवाज माझा पहिल्यापासून लहान. वर्गातल्या मागच्या बाकापर्यंतही तो पोचत नाही, असं मुलं म्हणायची. त्याच आवाजात मी सरांना म्हटलं, "रसायनशास्त्राची मुलं रोज तेच मिश्रण पुन्हा पुन्हा करून बघतात, सर. त्याला आपण प्रयोग म्हणतो. मी रोज तीच माती मळते."

"तुम्ही रोज देवाची पिंडी करता. तो तुमचा नेम आहे. त्याबद्दल मला आदर आहे."

"नेम आहे, म्हणूनच तर रोज होतं."

माझा नेम पार्थिव पूजेचा. पहाटे स्नान करून ओल्या मातीची, अंगठ्याच्या पेराहून थोडी मोठी शिवाची पिंडी घडवायची, पूजा करायची आणि त्याच दिवशी पाण्यात सोडायची. उद्या पुन्हा नवी. ह्यात नुसती घडण वेगळी आणि पूजा वेगळी असं काही नाही. हराय नमः म्हणत माती घ्यायची, महेश्वराय नमः म्हणत मळायची, आणि शेवटी महादेवाय नमः म्हणत सोडायची. प्रत्येक कृतीला देवाचं एकेक नाव आहे. मळण्यालाही आहे. माझी आत्या आवडाबाई हे श्रावणापुरतं करायची. मी बारा महिने करू लागले. महिन्याचे अडचणीचे दिवस आणि सुतक-सोयर सोडलं तर खंड नाही.

माझा प्रश्न साधा होता. आकार शास्त्राने ठरवून दिलेला, माती तीच, हात तेच. मग करणाऱ्याचं आपलं असं काय उरतं? आणि जी वस्तू ठेवायचीच नाही, ती करताना हात वेगळा चालतो का? हे वाचून कळणार नव्हतं. दुसऱ्या कोणाला विचारूनही नाही. करूनच बघायला हवं होतं, आणि केलेलं मांडायला हवं होतं.

सरांनी तीनदा अर्ज परत केला. दर वेळी विषयात 'इतिहास' किंवा 'सर्वेक्षण' घाला म्हणाले. दर वेळी मी तोच अर्ज पुन्हा नेऊन दिला. चौथ्या वेळी त्यांनी सही केली. हसून म्हणाले, "तुम्ही भांडला असतात तर मी ऐकलं नसतं. तुम्ही नुसत्या येऊन बसता हो!"

मग वर्षं गेली. माझे यजमान नाथा शहाडच्या कारखान्यात पाळीवर जायचे. येताना उल्हास नदीच्या काठची गोड माती सायकलला पिशवी लावून आणायचे. आमच्या दारातल्या खाडीची माती खारी, ती वाळताना तडकते. पिंडी सोडायचं काम मात्र सासूबाईंकडे होतं, कारण पूजा आटोपून मला सकाळची शाळा गाठायची असे. माझ्या सासूबाई हौसाबाई मासळीबाजारात बसायच्या. धंद्यावर जाता जाता भरतीचं पाणी बघून पिंडी खाडीत सोडायच्या. रविवारी मी स्वतः सोडायचे, आणि पाण्यात ती कशी विरते ते पायऱ्यांवर बसून बघायचे.

नाथांना वाटे, मी उगाच जीव काढते आहे. "अगं, शाळेत कायम झालीस. आता डॉक्टर होऊन कोणाला औषध देणारेस?"

"तुम्हाला. तंबाखू सुटायचं."

प्रबंध लिहून झाला, बांधून झाला, विद्यापीठाकडे गेला. पुष्कळ महिन्यांनी सरांनी मला बोलावून घेतलं. चेहरा उतरलेला. बाहेरचे परीक्षक होते डॉ. ह्युबर्ट गोन्साल्विस, स्वतः शिल्पकार, वसईकडचे. त्यांनी प्रबंध नाकारला नव्हता. पण लिहिलं होतं की, हात वेगळा चालतो असं ह्या बाई म्हणतात, पण दाखवत काहीच नाहीत. प्रबंधावरच्या तोंडी मुलाखतीच्या दिवशी काही पिंड्या प्रत्यक्ष समोर ठेवाव्यात. नाहीतर हे संशोधन नव्हे, आत्मकथन आहे असं धरावं लागेल.

"नोंदणीची मुदत आता संपतेय," सर म्हणाले. "हे फसलं तर पुन्हा पहिल्यापासून. आणि खरं सांगू? पुन्हा तुमचा हा विषय कोणी मंजूर करणार नाही."

"पूजा झालेली पिंडी ठेवता येत नाही, सर."

"माहीत आहे. मी आमच्या गुरुजींना विचारलंय. आवाहन होईपर्यंत ती नुसती माती. तेव्हा आवाहनाच्या आधी थांबायचं. पूजेची एक करा, आणि आमच्यासाठी वेगळी एक करा. ह्यात व्रत कुठे मोडलं?"

मोडत नव्हतं. मी घरी येऊन दुसऱ्या दिवसापासून दोन पिंड्या करू लागले. एक देवाची, एक परीक्षकांची. परीक्षकांची ओल्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवायचे.

पहिल्याच आठवड्यात मला ते दिसलं. डब्यातली पिंडी देखणी येत होती. माझं बोट पाण्यात बुडून ती पुन्हा पुन्हा गुळगुळीत करत होतं. पाणी वाहून जायची पन्हळ रेखीव, मान सारखी, कडा गोल. मी ठरवून करत नव्हते. मुद्दाम साधी करायला बसले, तर ती साधेपणातही नटलेली यायची. तिला कोणी बघणार आहे, हे हाताला ठाऊक होतं. मी कितीही विसरायचं म्हटलं, तरी हात विसरत नव्हता.

मी सरांना घरूनच फोन करून सांगितलं, "ह्या खोट्या आहेत. ह्या दाखवल्या तर मी खोटं बोलल्यासारखं होईल."

"दाखवल्या नाहीत तर नापास झाल्यासारखं होईल," सर म्हणाले. "घेऊन या, बाई. कृपा करा."

मुलाखत श्रावणात ठरली, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. पहाटे पूजा करून मी पिंडीचं ताम्हण सासूबाईंकडे द्यायला मागच्या पडवीत गेले. त्या मासळीच्या थर्माकोलच्या पेटीचं झाकण उघडून आत वाकल्या होत्या. मला बघून झाकण पटकन लावलं, पण आतला बर्फ मला दिसला होता.

श्रावणात होड्या काठावर. पौर्णिमेला नारळ टाकल्याशिवाय आमच्याकडे कोणी पाण्यात जात नाही. मग पेटीत बर्फ कशाला?

"आये, काय आहे आत?"

"काय नाय गो."

मी झाकण उघडलं. बर्फावर केळीचं पान, पानावर माझ्या चार-पाच पिंड्या ओळीने मांडलेल्या, वरून पुन्हा केळीचं पान. अंगावर बेलाची पानं तशीच चिकटलेली. म्हणजे पूजा झालेल्या. देवाच्या.

मी म्हटलं, "पापलेट ठेवता तसं ठेवलंत देवाला?"

"पापलेटाची पेटी नाय ती! सोड्यानं धुतलेली हाय, दोन येळा. आन बरफाला टेकवला पन नाय त्याला, मधी पान हाय." मग जरा रागानेच म्हणाल्या, "तू त्या मास्तरला सांगत होतीस ना, डब्यातल्या खोट्या हायत म्हनून? मंग मी म्हटलं, खऱ्या ठेवूया. डब्यात तडकतील, बरफात नाय तडकनार. कैलासावर काय उन्हाळा असतो? तितं बी बरफच ना?"

नाथा दात घासत दारात उभे होते. त्यांना हसू आवरेना. मला मात्र रडू येत होतं. देव पाण्यात सोडायचा राहिला होता, तोही एक नाही. आणि त्याच वेळी मनात दुसरंही चाललं होतं. ते मला आवडत नव्हतं, पण थांबतही नव्हतं. ह्या पिंड्या घडवताना कोणी ठेवणार आहे हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या हाताला ठाऊक नव्हतं. डॉ. गोन्साल्विसना जे हवं होतं, नेमकं तेच केळीच्या पानावर मांडलेलं होतं.

मी झाकण लावलं. "आत्ताच्या आत्ता सोडायच्या."

"कुठं सोडतेस? ओहोटी हाय. खाडीत चिखल हाय नुसता. पानी भरेल दुपारी."

दुपारी मी ठाण्यात असणार होते. मी मागे ठेवून गेले तर सासूबाई त्या पुन्हा पेटीत ठेवणार नाहीत, ह्याची मला खात्री नव्हती. मी म्हटलं, "पेटी घ्या. आजची पिंडीही आत ठेवा. ठाण्याच्या खाडीत सोडू."

पेटी डोक्यावर घेऊन सासूबाई आणि मी मालडब्यातून ठाण्याला गेलो. वाटेत मी डोळे मिटून जप केला आणि एक गोष्ट ठरवली. देव बघायला बंदी नाही. ठेवायला आहे. ज्याला बघायचं असेल त्याने बघावं. पण आज भरती उतरायच्या आत ह्या पाण्यात जायला हव्यात, मग मुलाखत अर्धी राहिली तरी चालेल.

संस्थेच्या दारावरच्या पहारेकऱ्याने आम्हाला अडवलं. "मावशी, मासे आत न्यायचे नाहीत."

"मासं नाय रं, महादेव हायत," सासूबाई म्हणाल्या. तो बाजूला झाला. बहुधा गोंधळूनच.

डॉ. ह्युबर्ट गोन्साल्विस आडव्या बांध्याचे, अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात, बोटांच्या पेरांत कसला तरी पांढरा चुना बसलेला. मी डब्यातल्या पिंड्या टेबलावर कापसावर मांडल्या. त्यांनी एक उचलून उजेडात धरली.

"सुंदर आहेत."

"म्हणूनच त्या उपयोगाच्या नाहीत, सर."

सामंत सरांनी कपाळाला हात लावला. मी सगळं सांगितलं. ठेवण्यासाठी करायला बसल्यावर हाताने काय केलं, ते. डॉ. गोन्साल्विस मधेच म्हणाले, "एक कापू?"

"ह्या कापा."

त्यांनी खिशातून तार काढून पिंडी मधोमध चिरली. वरून एवढी गुळगुळीत, पण आत मातीची घडी पडलेली, घडीत हवा अडकलेली. दुसरी चिरली. तिथेही तसंच.

"वरचं काम झालंय, आतलं झालेलं नाही," ते म्हणाले. "ठीक. पण ह्यावरून एवढंच कळतं की तुम्ही ह्या वाईट मळल्यात. रोजच्या पिंड्याही अशाच नसतील कशावरून? त्या कुठे आहेत?"

"बाहेर व्हरांड्यात. सासूबाईंच्या पेटीत."

सामंत सर उठूनच उभे राहिले. पेटी आत आली. झाकण उघडल्याबरोबर डॉ. गोन्साल्विसनी आधी बर्फ बघितला आणि हसले. "आये, अर्धी लादी घातलीस?"

"अर्धीच. पुरी कशाला, पैसं पडत्यात."

त्यांनी हात पुढे केला, मग माझ्याकडे बघितलं. "हात लावू?"

"नको, सर. पूजा झालेली आहे. जवळून बघा."

दोन्ही हात पाठीमागे धरून ते पेटीवर वाकले. खूप वेळ बघत होते. ह्या पिंड्या ओबडधोबड होत्या. मागच्या बाजूला अंगठ्याचा ठसा तसाच राहिलेला, पुसायची कोणाला गरज वाटली नव्हती. पन्हळ प्रत्येकीची किंचित डावीकडे वळलेली. बूड घट्ट, जड.

"बूड एवढं का दाबलंय?"

"अभिषेकाचं पाणी पडतं. तेवढं सोसायला हवं. त्यापुढे टिकायची गरज नसते."

"आणि आत?"

"आत घडी नसणार."

"नसणार म्हणजे? मला एक चिरून बघावी लागेल, बाई."

"ह्या नाही, सर."

"एकच."

"एकही नाही."

सामंत सर हळूच म्हणाले, "भागीरथीबाई, इतक्या वर्षांचं काम आहे. आणि त्या पाण्यात जाणारच आहेत ना?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. पण ज्या पिंडीसमोर मी सकाळी डोकं टेकवलं, ती दुपारी तारेने चिरू दिली असती, तर उद्या पहाटे माती घ्यायला मी कुठल्या तोंडाने बसले असते? आणि उद्या बसलेच नाही, तर प्रबंध तरी कशाचा?

मी म्हटलं, "चिरून जे दिसेल ते सोडताना दिसतं. माती जशी भरलेली असते तशीच सुटते. भरती आता पुरी होत आलीय. खाडी इथून रिक्षाने जवळ आहे. तुम्हाला बघायचं असेल तर चला. नसेल तर मला जायलाच हवं. परत येऊन मी तुमच्या प्रश्नांना उत्तरं देईन."

हे मी नेहमीच्या आवाजातच बोलले. डॉ. गोन्साल्विसना पुढे वाकून ऐकावं लागलं. मग ते खुर्ची सरकवून उठले.

खाडीवर चेंदणी वस्तीच्या बाजूला धक्क्याच्या पायऱ्यांना पाणी लागलेलं होतं. मी ताम्हण हातात धरून शेवटच्या ओल्या पायरीवर उतरले आणि पहिली पिंडी, महादेवाय नमः म्हणत, वीतभर पाण्यातल्या पायरीवर अलगद ठेवली. एरवी सोडून देते. आज ठेवली, दिसावी म्हणून. सामंत सर वर छत्री घेऊन उभे. डॉ. गोन्साल्विसनी बूट काढले, पँट दुमडली आणि ते पाण्यात आले.

पहिल्यांदा पन्हळ गेली. मग खालच्या बैठकीची कड, सगळीकडून सारखी, कांद्याचे पापुद्रे सुटावेत तशी. मधला उभा भाग शेवटपर्यंत टिकला, अंगठ्याच्या ठशासकट. त्याला कुठे चीर पडली नाही की तो कोसळला नाही. लहान लहान होत गेला आणि मग नुसता गढूळपणा उरला. एक बेलाचं पान वर आलं आणि पाण्याबरोबर निघून गेलं.

"अजून एक," ते म्हणाले.

दुसरी तशीच गेली. तिसरीच्या वेळी ते इतके वाकले की त्यांची दाढी पाण्याला लागली. मग डब्यातल्या पिंड्यांपैकी न चिरलेली एक त्यांनी स्वतः पाण्यात ठेवली. ती थोडा वेळ तशीच राहिली, आणि एकदम अर्ध्यात उकलून आडवी पडली.

बाकीच्याही मी एकेक करून सोडल्या. पेटीतली शेवटची उरली होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ही संस्थेला द्या. चिरत नाही. शब्द देतो. काचेखाली ठेवू."

"नाही, सर."

"बाई, मी आज बघितलं. मान्य. पण उद्या कोणी दुसरा म्हणाला, ह्युबर्टने बघितलं त्याला पुरावा काय? मी अहवालात काय लिहू? पुरावा उपलब्ध नाही असं?"

"तसं लिहू नका. बघितला आणि गेला, असं लिहा. आणि ज्याला तपासायचं असेल त्याला आमच्या घरी पाठवा. कल्याणला, खाडीपाशी. पहाटे. रोज असते."

"रोज?"

"रोज."

सासूबाई वरून ओरडल्या, "सोड गो लवकर, पानी उतरतंय!"

मी शेवटची सोडली. डॉ. गोन्साल्विस कमरेवर हात ठेवून ती विरेपर्यंत बघत राहिले. मग तिथेच, पाण्यात उभ्या उभ्या, त्यांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. खंड पडलेल्या दिवसांनंतर हात कसा चालतो? नदीचं पाणी वाढल्यावर माती बदलते, तेव्हा बूड किती दाबता? नेम नसता तर हे एवढी वर्षं केलं असतं का? शेवटच्या प्रश्नाला मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "हे प्रबंधात लिहायला हवं होतं. आता लिहा. एक पुरवणी जोडा." पाणी घोट्यापर्यंत उतरलं तेव्हा आम्ही वर आलो.

संस्थेत परतल्यावर त्यांनी चिखलाच्या पायांनीच बसून अहवाल लिहिला आणि सामंत सरांपुढे सरकवला. सरांनी वाचला. दोनदा वाचला. मग माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मला वाटलं, नाही झालं. तर म्हणाले, "झालं हो, बाई. बघितला आणि गेला, असंच लिहिलंय त्यांनी."

बाहेर व्हरांड्यात सासूबाई रिकाम्या पेटीतला उरलेला बर्फ झाडाच्या बुंध्याशी ओतत होत्या. त्यांना मी नमस्कार केला. "पुन्हा असं करू नका हां, आये."

"पास झालीस नं? मंग पुना कशाला करीन?"

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. वस्तीत पहाटेपासून होड्या सजवायची गडबड चाललेली. मी स्नान करून माती घेतली, मळली, पिंडी घडवली. ताम्हणात ठेवून बघितलं, तर मान एकसारखी, कडा रेखीव, पन्हळ सरळ. मागे अंगठ्याचा ठसा नव्हता. बोटाने कधी पुसला, मला कळलंही नव्हतं.

आवाहन अजून झालेलं नव्हतं. मी ती मुठीत घेऊन मोडली, थोडं पाणी शिंपडलं आणि महेश्वराय नमः म्हणून पुन्हा मळायला घेतली.